घोडा पवन याचे औषध चालू ठेवण्याबाबत

विषय : मंडळाचा घोडा पवन, वय वर्षे चौदा, यास तबेल्यात ठेवून त्याचे औषध चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : मोतद्दार काशीराम यांचा अर्ज.

उपरोक्त विषयातील घोडा मीच. बोलतोयही मीच. अर्जदार काशीराम आहे, निर्णय समितीचा आहे, गोळ्या डॉक्टरांच्या आहेत. आजार तेवढा माझा स्वतःचा, आणि त्याचं नाव अजून कोणाला सापडलेलं नाही.

माझी भाषा अशी कागदी का, ते आधी सांगतो. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या अश्वारोहण मंडळाचं आवार आहे. सहा घोडे, एक गोल मैदान, एक चिंच आणि एका खोलीचं कार्यालय. माझं ठाण कार्यालयाच्या खिडकीला लागून आहे. गेली नऊ वर्षं त्या खिडकीतून मी सभा, सूचना, स्मरणपत्रं आणि चहा ऐकत आलोय. चहासुद्धा ऐकता येतो; तो आला की चर्चा थांबते. शेजारचे घोडे खिंकाळतात. मी मनातल्या मनात टिपणी लिहितो.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर झाला. आई कोण, बाप कोण, आजा-पणजा कोण, हे सगळं माझ्या दाखल्यावर आहे. माणसांत इतकी चौकशी फक्त लग्न जमवताना करतात. माझे पहिले मालक वकील होते. त्यांनी माझं नाव ठेवलं ‘फायनल नोटीस’. नावाचा परिणाम असेल, मी शर्यतीत एकदाही वेळेवर पोचलो नाही. अकरा वेळा धावलो, एकदा चौथा आलो. त्या दिवशी घोडेच पाच होते.

पाचव्या वर्षी मी या मंडळात आलो. संस्थापकांना संस्कृतची आवड होती, त्यांनी माझा पवन केला. काशीराम मला बाबल्या म्हणतो. अशी मला तीन नावं आहेत.

मंडळात माझी नोंद जडवस्तू नोंदवहीत झाली, ‘लाकडी खुर्ची, एक हात तुटलेली’ आणि ‘पाण्याचे पिंप, झाकणासह’ यांच्या मधोमध. सजीव वस्तूंसाठी वेगळी वही नव्हती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या खुर्चीवर बसणाऱ्यांपेक्षा माझ्यावर बसणारे जास्त होते.

माझं काम शिकवण्याचं होतं. रविवारी सकाळी आसपासच्या सोसायट्यांमधून माणसं यायची. आधी फोटो काढायची, मग घाबरायची. बँकेतले एक साहेब महिनाभर रोज यायचे आणि प्रत्येक वेळी मला ‘ब्रेक कुठे आहे’ असं विचारायचे. मी त्यांना एकदाही पाडलं नाही. शिकवणाऱ्याला एवढा संयम लागतोच.

काशीराम माझा मोतद्दार, म्हणजे माझी सगळी देखभाल त्याच्याकडे. तो कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा काशीराम या तबेल्यात लागला आणि इथेच राहिला. वय अठ्ठावन्न. निवृत्तीला दोन वर्षं. तो माझ्याशी मालवणीत बोलतो आणि उत्तराची वाट बघतो. हे दुसरं फार थोडी माणसं करतात.

दीड वर्षापूर्वी, पौषात, मला ताप आला. उतरला. तीन आठवड्यांनी पुन्हा आला. मग पाय सुजले, पोटाखाली सूज आली, ओठांवर खपल्या धरल्या. फाल्गुनापर्यंत माझ्या फासळ्या खिडकीतून मोजता येत होत्या, आणि समितीच्या दोघांनी त्या मोजल्याही.

डॉक्टर क्षमा तेव्हापासून माझ्या आयुष्यात आहेत. बोरीवलीहून लिंक रोडने स्कूटरवर येतात, हेल्मेट माझ्या खुंटीला अडकवतात आणि मग मला टोचतात. त्यांनी माझं रक्त पाठवलं, लघवी पाठवली, कातडीचा तुकडा पाठवला, पोटाची सोनोग्राफी केली. माझ्यात विशेष काही आढळलं नाही, असं तीन प्रयोगशाळांनी लेखी दिलं. शर्यतीतल्या जाणकारांनीही पूर्वी हेच सांगितलं होतं, पण तोंडी.

“संसर्ग नाही, गाठ नाही, जंत नाहीत,” डॉक्टरांनी कार्यालयात सांगितलं. “शरीराचे पहारेकरी स्वतःच्याच घरावर दगड मारतायत, असं दिसतंय. का मारतायत, ते माहीत नाही. त्यांना शांत करायला स्टिरॉइड द्यावं लागेल. बरेच महिने. कदाचित कायम.”

अध्यक्ष देवदत्तसाहेब खुर्चीत पुढे सरकले. “स्टिरॉइड म्हणजे ते जिमवाले घेतात ते? मग हा जोरात पळायला लागेल?”

“ते वेगळं, सर. हा जोरात खायला लागेल.”

मंडळाचं कार्यालय नाना सांभाळतात. आयुष्यभर एका कार्यालयात काम केलं, निवृत्त झाले, आणि घरी बसवेना म्हणून दुसऱ्या कार्यालयात येऊन बसले. त्यांनी आजारी जनावराचा छापील अर्ज पुढे केला. “बाई, रकाना सात राहिला. आजाराचे नाव.”

डॉक्टरांनी लिहिलं : अज्ञात.

“अज्ञात हे नाव होत नाही, बाई.”

“मग तुम्ही ठेवा, नाना. पेढे मी आणते.”

नानांनी रकाना तसाच ठेवला आणि समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे माझ्या आजाराविषयी आजवर झालेलं सर्वांत अचूक लिखाण.

वैशाखात गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी अकरा. डॉक्टरांनी काशीरामला तीन गोष्टी सांगितल्या. गोळ्या सकाळीच द्यायच्या. गूळ-साखर अजिबात नाही, कारण या औषधावर गोड खाल्लं तर घोड्याच्या खुरांच्या आत दाह होतो आणि घोडा कायमचा लंगडतो. आणि गोळी कधीही, कोणत्याही कारणाने, अचानक बंद करायची नाही. कमी करायची तर डॉक्टर करतील, हळूहळू. त्यांनी त्याच्याकडून हे तीनदा वदवून घेतलं. त्याने पाढे म्हणावेत तसं म्हटलं.

काशीरामने घरून जानकीबाईंचा, म्हणजे बायकोचा, जुना खलबत्ता आणला. रोज सहा वाजता तो गोळ्या कुटायचा, भिजवलेल्या कोंड्यात कालवायचा आणि माझ्यासमोर बसायचा. औषध अतिशय कडू. मी खायचो, कारण मी खाईपर्यंत तो चहा प्यायचा नाही.

आणि मी बरा होऊ लागलो. आठव्या दिवशी ताप गेला, महिन्यात सूज गेली. भूक मात्र अशी लागली की मी दोर चघळला, झाडूचं टोक चघळलं, आणि एकदा खिडकीतून मान घालून मंडळाचं एक परिपत्रक खाल्लं. मंडळाच्या परिपत्रकावर तत्काळ कार्यवाही झाल्याचं ते एकमेव उदाहरण.

दिवाळीपर्यंत माझं पोट गोल झालं. पाठीवरचं मांस उतरत होतं, डॉक्टरांना ते दिसत होतं आणि म्हणून त्यांनी कोणालाही माझ्यावर बसायला बंदी केली होती. पण बाकीचे पोट बघत होते. आपल्याकडे पोट सुटणं हे प्रकृती सुधारल्याचं लक्षण समजतात. त्या हिशेबाने अध्यक्षांची प्रकृतीही उत्तम होती.

डॉक्टर गोळ्या कमी करत आणत होत्या. अकराच्या नऊ, नवाच्या आठ. फाल्गुनात सहा झाल्या. मंडळाचा नियम असा की सहा महिन्यांहून अधिक काळ काम न करणारा घोडा निर्लेखित करावा, म्हणजे वहीतून काढून टाकावा. मला प्रकृतीत सुधारणा असल्याच्या शेऱ्यावर दोनदा मुदतवाढ मिळाली होती. निर्लेखित घोडे एक गृहस्थ घेऊन जातात, लग्नाच्या वरातींसाठी. ते घोडा नेतात. त्याच्या गोळ्या नेत नाहीत. म्हणजे माझं या ठाणावर राहणं आणि माझं जगणं या दोन वेगळ्या बाबी नव्हत्या.

मग पाडवा आला.

डॉक्टर क्षमा सणाला माहेरी, नाशिकला गेल्या होत्या. सकाळी काशीरामने तबेल्याच्या दाराशी गुढी उभारली. जानकीबाई कडुनिंबाचा पाला आणि गूळ घेऊन आल्या होत्या. काशीराम खलबत्ता घेऊन बसला, तशा त्या म्हणाल्या, “अवो, आज गोळी देव नकात.”

“डॉक्टरीणबाय माका खायत.”

“डॉक्टरीण काय पाडव्याच्या वर आसा? पाडव्याक औषध घेतला काय वरीसभर घेवचा लागता. तुमच्या बापाशीन घेतल्यान नाय खोकल्याचा औषध? पुढल्या पाडव्यापर्यंत खोकत होते.”

“ता खरा,” काशीराम म्हणाला. वडिलांचा खोकला त्याने स्वतः ऐकला होता.

“मगे? ह्या मुक्या जिवान आणि किती कडू खावचा? एका दिसान काय व्हतला?”

काशीरामने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. चौकशी समितीने हा शब्द नंतर वापरला, म्हणून मुद्दाम नोंदवतो. अकरा महिने रोज सकाळी त्याने मला कडू खाताना बघितलं होतं. त्याने गोळ्या पुन्हा पाकिटात घातल्या, खलबत्ता पुसून ठेवला आणि कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर माझ्या तोंडासमोर धरला. मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, गूळ लगेच ओळखला.

नऊ वाजता देवदत्तसाहेब सलवार-कुडता घालून आले. शोभायात्रेसाठी त्यांना घोडा हवा होता.

“डॉक्टरांनी सवारी बंद केलीय, साहेब,” नाना म्हणाले.

“सवारी कुठे आहे, नाना? नुसतं बसायचंय. यात्रा आहे, शर्यत नाही. आणि बघा तरी त्याच्याकडे, कसं अंग धरलंय.”

बसायला होती त्यांची सून, अबोली. नऊवारी, फेटा, नथ आणि काळा गॉगल. ती पूर्वी माझ्याकडे दोन धडे घेऊन गेलेली होती, त्यामुळे तिला निदान कुठल्या बाजूने चढायचं ते ठाऊक होतं. तीन तास मी ढोल-ताशांच्या मागे चाललो. गच्च्यांमधून फुलं पडली. शेकडो लोकांनी माझे फोटो काढले आणि एकानेही माझी पाठ बघितली नाही, कारण तिच्यावर अबोली होती. तिचा दोष नाही. ती सारखी वाकून मला विचारत होती, “दमलास का रे?” मी दमलो नव्हतो. शरीरात जुनं औषध शिल्लक होतं.

दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. तिसऱ्या दिवशीही. घोटाळा झाला तो त्यामुळे. मी पाडव्यालाच पडलो असतो तर काशीरामने संध्याकाळी गोळी दिली असती आणि हा अर्ज लिहावा लागला नसता. पण मी खात होतो, पीत होतो, त्याच्या खिशात तोंड घालत होतो. तो रोज सकाळी पाकीट बाहेर काढायचा, माझ्याकडे बघायचा आणि पाकीट परत ठेवायचा. चौथ्या दिवशी त्याने खलबत्ता घरी पाठवून दिला. त्या दिवशी तो माझ्या अंगावरून खरारा फिरवताना गाणं म्हणत होता. नऊ वर्षांत मी त्याचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. फार बरं नव्हतं.

पाचव्या दिवशी माझं कोंड्यावरचं मन उडालं. ज्याने परिपत्रक खाल्लं त्याने कोंडा सोडला, ही खरं तर धोक्याची सूचना होती. काशीराम म्हणाला, ऊन वाढलंय. सहाव्या दिवशी ताप आला. सातव्या दिवशी पाय सुजले आणि उभं राहणं हे एक काम होऊन बसलं. काशीराम दिवसभर माझ्या पायांवर गार पाणी घालत राहिला. त्याने गोळ्यांचं पाकीट दोनदा हातात घेतलं. आता दिली तर बंद केल्याचं कबूल करावं लागेल, आणि किती द्यायची हेही कळेना. माणूस असा अडकला की काहीच करत नाही, पाणी घालत राहतो.

आठव्या दिवशी सकाळी मी पडलो. पडताना खिडकीखालची बादली उलटी झाली, तेवढाच आवाज. मग काशीरामचा पंचा माझ्या डोक्याखाली आणि त्याचा हात माझ्या मानेवर. दुसऱ्या हाताने त्याने फोन लावला.

डॉक्टर आदल्या दिवशीच नाशिकहून परतल्या होत्या. तासाभरात आल्या. हेल्मेट खुंटीला न अडकवता जमिनीवर टाकलं. माझा डोळा बघितला, हिरड्या बघितल्या, छातीला कान लावला. मग काशीरामकडे न बघता विचारलं, “आज गोळी कधी दिलीत?”

तो खोटं बोलू शकला असता. “सहाला” म्हणाला असता तर कोणाला कळलं नसतं. औषध लागू पडलं नाही, असा शेरा झाला असता आणि प्रकरण मिटलं असतं, माझ्यासकट.

“आठ दीस देवक नाय, बाय,” काशीराम म्हणाला.

डॉक्टरांचे हात थांबले नाहीत. त्या इंजेक्शन भरत होत्या. “का?”

“पाडव्याक औषध घेतला तर वरीसभर घेवचा लागता म्हणतत. एक दीस नाय दिलंय. पयल्या दिशी कायच झाला नाय. दुसऱ्या दिशी पण नाय. म्हटलंय, पाडवो लागू पडलो.”

इंजेक्शन गेलं. सलाईन लागलं. मग त्या माझ्या शेजारी भुईवर बसल्या आणि म्हणाल्या, “काशीरामकाका, वर्षभर घ्यावं लागतं म्हणता ना? मी दुसरं काय सांगत होते? वर्षभर घ्यायचंच आहे. मग पाडव्याला दिली असती तर काय बिघडलं असतं?”

काशीरामने यावर पुष्कळ वेळ विचार केला. जानकीबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनीही केला.  

दुपारी डॉक्टरांनी कार्यालयात नानांना समजावलं. खिडकी उघडी होती.

“नाना, तुमच्या ऑफिसात कायमचा कारकून लांब रजेवर गेला आणि त्याच्या जागी बदली माणूस आला, तर काय होतं?”

“बदलीवाला काम करतोय तोवर कायमवाला येत नाही.”

“बरोबर. हे जे औषध आपण बाहेरून देतो, तसलंच थोडंसं याच्या शरीरातली एक ग्रंथी रोज स्वतः तयार करते. अकरा महिने बाहेरून मिळालं, तिने काम सोडलं. आणि यांनी बदलीवाल्याला एका दिवसात काढलं. टेबलावर कोणीच नाही.”

“आणि फाईल?”

“बाहेर आडवी पडलीय.”

नाना उठून बाहेर आले. इतकी वर्षं ते मला खिडकीच्या चौकटीत बघत होते, मानेपर्यंत. पूर्ण घोडा त्यांनी त्या दिवशी बघितला. चष्मा पुसून आत गेले.

संध्याकाळी मी उठलो. तिसऱ्या प्रयत्नात. काशीराम खांद्याने ढकलत होता. माझ्या वजनाच्या मानाने त्याचा उपयोग शून्य होता, पण मी त्याला तसं कळू दिलं नाही.

खुरं वाचली. तो गूळ थोडाच होता. पण सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. गोळ्या अकरावर गेल्या. खलबत्ता परत आला. जानकीबाईंनी तो स्वतः आणून दिला आणि त्या दिवशीच्या गोळ्याही स्वतः कुटल्या, जरा जास्तच जोरात.

मग समितीची सभा झाली. अध्यक्षांची टिपणी तयार होती : घोड्यास वर्षभर औषध देऊनही घोडा पडला, सबब औषध निरुपयोगी, सबब घोडा निर्लेखित करण्यास मंजुरी असावी. एका ‘सबब’वरून दुसऱ्या ‘सबब’वर उडी मारायला माझ्यासारख्या घोड्यालाही धाव घ्यावी लागते, देवदत्तसाहेबांनी बसल्या जागी मारली. आक्षेप घ्यायला महिन्याची मुदत होती.

दुसऱ्या दिवशी काशीराम टोपी हातात घेऊन कार्यालयात आला.

“नाना, अर्ज लिवा. बाबल्याक हयच ठेवा आणि औषध चालू ठेवा.”

“कारण?”

“औषधाचो दोष नाय. माझो. गोळी मी बंद केलंय. आठ दीस. ता लिवा.”

नानांनी पेन खाली ठेवलं. “काशीराम, हे वाक्य लिहायला सांगू नकोस. दोन वर्षं राहिलीयत तुझी. उद्या चौकशी लावतील, काढून टाकतील. नुसतं लिहू, घोडा जुना आहे, दया करा.”

“दया कित्याक? औषध चालता त्याका. चालता म्हणान तर बंद केल्यावर पडलो. ता सांगल्याशिवाय कसा कळतला त्येंका?”

नानांना याहून चांगला युक्तिवाद त्यांच्या संपूर्ण नोकरीत कोणी लिहून दिला नसावा. त्यांनी लिहायला घेतलं. काशीरामचं वाक्य जसंच्या तसं प्रमाण मराठीत उतरवलं. पुढे स्वतःच्या अक्कलहुशारीने एक जोडलं आणि वाचून दाखवलं : “पाडव्याच्या दिवशी सदर घोड्यावर काही काळ बसण्यात आले.”

“कोण बसला?” काशीरामने विचारलं.

“तेवढं आपण नको लिहायला.”

“माझा नाव लिवल्यात. त्येंचा नको?”

नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर मी होतो. मग त्यांनी वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं : वैद्यकीय मनाई असताना, अध्यक्षांच्या सांगण्यावरून, अध्यक्षांच्या सूनबाईंना या घोड्यावर बसवून तीन तास मिरवण्यात आले, त्या वेळी मी हजर होतो. खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली. सही नेहमीसारखीच आली, कोणालाही न वाचता येणारी. म्हणून त्यांनी खाली पूर्ण नावही लिहिलं.

काशीरामची सही मराठीत आहे. प्रत्येक अक्षर वेगळं, वळणदार.

अर्जाबरोबर डॉक्टरांचं पत्र जोडलेलं आहे. रकाना सातबाबत त्यांनी दोनच ओळी लिहिल्या : आजाराचे नाव माहीत नाही. औषध दिल्यावर काय होते आणि काढून घेतल्यावर काय होते, हे दोन्ही आता माहीत आहे.

आता श्रावण चालू आहे. गोळ्या अकरावरून सातवर आल्या आहेत. ताप नाही, सूज नाही. सकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारतो, दोर हातात काशीरामच्या. तिसरी फेरी मी स्वतःहून मारतो. डॉक्टर म्हणतात, पुढच्या पाडव्यापर्यंत दिवसाआड तीन-चार गोळ्यांवर येईन आणि मग बहुधा तिथेच राहीन, कायमचा. माझी हरकत नाही. रोज सकाळी काहीतरी कडू घेऊन दिवसभर व्यवस्थित जगणारी माणसं मी या खिडकीतून पुष्कळ बघितली आहेत. माझी पाठ पूर्वीसारखी होणार नाही. कोणी बसणार नाही तिच्यावर. पण नवख्याला घोड्याजवळ उभं राहायला शिकवणं, खरारा कसा करायचा, लगाम कसा धरायचा, हे काम मी उभ्या उभ्या करू शकतो. अर्जात तशी तयारीही दर्शवली आहे.

वाचकांना एवढीच प्रार्थना. तुमच्या घरात, तबेल्यात कोणी रोज औषध घेत असेल आणि ते घेऊन बरं दिसत असेल, तर बरं दिसतंय म्हणून औषध काढून घेऊ नका. आधी ज्याने दिलं त्याला विचारा. सणवार असला तरी विचारा. तो नाशिकला गेला असला तर फोन असतो.

अर्जाची सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. अर्ज ज्येष्ठात दाखल झाला. आषाढातली पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसऱ्या सभेत रकाना सात रिकामा असल्याची त्रुटी काढण्यात आली. डॉक्टरांनी तेच पत्र नव्या तारखेने पाठवलं. काशीरामची चौकशी दोन बैठका होऊन थांबली आहे. साक्षीदार म्हणून नानांना बोलावलं होतं. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, अर्जातलं वाक्य बदलता का. नाना म्हणाले, नाही. निर्लेखनाला स्थगिती आहे, ती पुढच्या सभेपर्यंत. वरातवाले गृहस्थ एकदा येऊन माझे दात बघून गेले.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर माझा अर्ज नववा आहे. मागच्या सभेत सहाव्या विषयाला चहा आला होता.

काशीराम आज सहाला आला. सात गोळ्या कुटून दिल्या, मी खाल्ल्या, मग तो चहा प्यायला. अर्ज प्रलंबित आहे.